फोटो छापण्याआधी प्रूफ पाड्यावर न्या : खान्देशातील संस्थांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांचे विश्वस्त, सचिव आणि अहवाल जुळवणारे कार्यकर्ते

स. न. वि. वि.

जुलै उजाडला की आमच्यासारख्या डीटीपीवाल्यांकडे, म्हणजे संगणकावर पाने लावणाऱ्यांकडे, तुमच्या पेनड्राइव्हची रांग लागते. मार्चअखेरचे हिशेब, ऑडिटरची सही, मग वार्षिक सभा आणि तिच्यात वाटायला गुळगुळीत कागदावरचा अहवाल. मजकूर सचिव वाचतात, आकडे सीए तपासतो, शुद्धलेखन आम्ही जमेल तेवढे पाहतो. फोटो मात्र कोणीच तपासत नाही. ‘चांगले वाटतील ते दहा-बारा टाका’ एवढीच सूचना असते. मग कोणाचा चेहरा कोणत्या वाक्याशेजारी जायचा, हे जळगावातल्या एका खोलीत, लाइट जायच्या आत, घाईघाईने ठरते. तुमच्या कामाबद्दल मनात आदर आहे म्हणून लिहितोय. तो नसता तर मुकाट पाने लावली असती आणि बिल पाठवले असते.

माझे म्हणणे एकच. ज्याचा फोटो छापायचा, त्याला छपाईच्या आधी प्रूफ दाखवा. फोटो, त्याखालची ओळ आणि शेजारचा मजकूर, तिन्ही एकत्र, त्याच्या दारात जाऊन, त्याच्या बोलीत वाचून दाखवा. विश्वस्तांना आपण प्रूफ दाखवतोच. अध्यक्षांच्या नावाआधीचे ‘मा.’ राहिले तर पान पुन्हा लावायला लागते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव. मग ज्यांच्या जिवावर ते पान उभे आहे, त्यांना का नको?

आधी हे फोटो येतात कुठून ते बघू. सीएसआरवाल्या, म्हणजे सामाजिक कामासाठी निधी देणाऱ्या, कंपन्यांना कामाचा पुरावा लागतो, म्हणून कार्यकर्ता मोबाइलमधल्या जीपीएस कॅमेऱ्याने फोटो काढतो. फोटोच्या तळाशी काळी पट्टी उमटते : गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, कोपऱ्यात इवलासा नकाशा. बोअरवेल झाली, शौचालय बांधले, यासाठी हा फोटो उत्तम. पण फाइलसाठी काढलेला तोच फोटो वर्षाअखेरीस मुखपृष्ठावर येऊन बसतो. गेल्या हंगामात आलेल्या एका फोटोत दारात उभी असलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. खाली ओळ : ‘वडिलांचे छत्र हरपलेली लाभार्थी’. आणि पट्टीत त्या दाराचे अक्षांश-रेखांश, दशांशचिन्हापुढे सहा आकड्यांपर्यंत. सहा आकडे म्हणजे, निदान कागदावर, वीतभर जागेचा पत्ता. बाप नसलेली मुलगी नेमकी कोणत्या उंबऱ्यावर उभी असते, हे एक हजार प्रतींत छापून आपण वाटणार होतो. पट्टी कापतो म्हटले तर उत्तर आले, ‘मग पुरावा कसा राहील?’

पुरावा फाइलीत राहू द्या. पुराव्याचा फोटो आणि प्रकाशनाचा फोटो वेगळे काढावे लागतात. एका क्लिकमध्ये दोन्ही उरकायला गेलो की जे होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे : धान्याच्या पिशवीला एका बाजूने घेणाऱ्याचा एक हात, दुसऱ्या बाजूने पाच पदाधिकाऱ्यांचे पाच. पदाधिकारी कॅमेऱ्याकडे बघतात, घेणारा जमिनीकडे.

दुसरा प्रकार कात्रीचा. ‘मागची मोटारसायकल कापा.’ ‘तिच्या हातातला मोबाइल दिसतोय, घालवता येईल का?’ ‘पत्र्यावरची डिश काढून टाका.’ एकदा तर ‘रंग जरा उतरवून द्या, फार खुशीत वाटतात’ असेही ऐकले. गरीब माणसाकडे मोटारसायकल दिसली तर देणगीदार बिचकेल, ही भीती. पण धडगाव तालुक्यातल्या पाड्यावर ती गाडी चैनीची नसते. रात्री बाळंतीण घाटाखाली न्यायची तर पहिले वाहन बहुधा तेच. दिवाळीनंतर बारडोली-नवसारीकडे ऊसतोडीला जाऊन, नवरा-बायकोने मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, म्हणून राबून, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडून जे उरले त्यातून ती घेतलेली असते. तुमच्या अहवालाच्या चौथ्या पानावर स्थलांतरावर परिच्छेद आहे. त्या परिच्छेदाचा सगळ्यात खरा फोटो तुम्हीच मला कापायला सांगता.

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या फोटोंसाठी कार्यकर्त्यांसोबत गेलो होतो. शेतातून आलेल्या एक मावशी कॅमेरा बघताच म्हणाल्या, ‘थांबा भाऊ, लुगडं बदली येस.’ सोबतचे उत्साही गृहस्थ म्हणाले, ‘नको नको मावशी, असंच नॅचरल छान वाटतं.’ आणि तेवढ्यात बटण दाबले. त्या फोटोत मावशींचा हात डोक्यावरच्या पदराकडे अर्धा उचललेला आहे आणि तोंड ‘थांबा’ म्हणताना उघडे राहिले आहे. संस्थेला तो फोटो फार आवडला, ‘जिवंत’ वाटला. त्याच गृहस्थांचा स्वतःचा फोटो ‘विश्वस्त मंडळ’ या पानावर आहे : स्टुडिओतला, कोट घातलेला, मागे निळा पडदा. असा फोटो काढायला माझी काहीच हरकत नाही. मावशींनाही लुगडे बदलायला पाच मिनिटे मिळायला हवी होती, एवढेच.

आता अचूकपणाबद्दल, कारण आदर आणि अचूकपणा फार लांब राहत नाहीत. ज्याला आपण नीट ओळखत नाही त्याचा फोटो नीट निवडणार कसा? आदिवासी म्हटले की डिझायनर वारली चित्र टाकतो. पांढऱ्या रेघांची माणसे, मधे तारपा, गोल नाच. वारली कला देखणीच आहे, पण ती डहाणू-तलासरी-जव्हारकडची. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा, मावची, कोकणी वस्त्यांच्या अहवालावर ती का? यावल-रावेरकडच्या तडवी वस्तीतल्या आरोग्यकामाच्या पुस्तिकेवर पावरा ढोलाचा फोटो लागलेला मी पाहिला आहे. तडवी मुस्लिम धर्म पाळतात, त्यांचे सण, लग्ने, पेहराव वेगळे. पुस्तिका वस्तीत वाटली तेव्हा लोकांनी चाळून परत दिली. आपली नाहीच म्हणाले.

होळीचे तर विचारूच नका. सातपुड्यातली होळी, त्यातही अक्कलकुवा तालुक्यातली काठीची राजवाडी होळी, बघायला कुठून कुठून लोक येतात. मोरपिसांचा उंच टोप, अंगभर राखेची नक्षी, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू बांधलेला बुध्या नाचताना कॅमेऱ्याला सोन्यासारखा वाटतो. पण तो नवस बोललेला, कडक पाळणी पाळून उभा राहिलेला माणूस असतो. त्याचा फोटो कुपोषणावरच्या पत्रकावर, ‘अंधश्रद्धेच्या विळख्यात’ या मथळ्याशेजारी, हे मला स्वतःला लावायला दिले गेले. मी नाही लावले. संस्थेने दुसरीकडून करून घेतले, तो त्यांचा हक्क.

दुष्काळासाठी ठरलेला फोटो म्हणजे भेगाळलेली जमीन. इंटरनेटवरून घेतलेली ती जमीन बहुतेक वेळा पिवळट, कुठल्या तरी तळ्याच्या तळाची असते. तापीकाठची काळी जमीन असली तरी त्यातून दुष्काळ सिद्ध होत नाही. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, तिला दर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आपला शेतकरी ते बघून ‘जमीन चांगली तापली’ म्हणतो आणि पावसाची वाट बघतो. खान्देशातली पाणीटंचाई दाखवायची तर विहिरीच्या तळाशी उतरून आडवे बोअर मारणारा माणूस दाखवा. केळीच्या बागेत एकावर एक जोडत गेलेले मोटारीचे पाइप दाखवा. ते आपल्याकडचे आहे आणि बघणाऱ्याला चटकन कळते.

आजाराचे फोटो सगळ्यात जपून. नंदुरबार भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची शिबिरे होतात, व्हायलाच हवीत. शिबिरातल्या रांगेचा फोटो येतो आणि खाली ओळ असते ‘सिकलसेलग्रस्त रुग्ण’. त्या रांगेत खरा आजारी एखादाच असू शकतो. बाकी कोणी नुसते तपासणीला आलेले, कोणी वाहक, कोणी बहिणीसोबत आलेली. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक असतो आणि सहसा धडधाकट जगतो. एवढा फरक आरोग्यकर्मचारी गावोगाव समजावत फिरतात, आणि आपण एका फोटोओळीत तो पुसून टाकतो. रांगेत अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली असतात. सोयरिकीच्या बैठकीत अहवालाचे ते पान पुढे आले तर खुलासा करायला संस्था तिथे नसते.

कुपोषणाचेही तेच. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत घेर भरला तर लाल, साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. वजन करताना बाळाचे कपडे काढतात, ते बरोबरच आहे, मोजमाप नीट यायला हवे. पण त्या क्षणी कॅमेरा कशाला? छापायला सेविकेच्या बोटांत धरलेली पट्टी आणि त्यातून दिसणारा दंड पुरे आहे. चेहरा नको, बरगड्या नकोत. वाचकाला आजाराचे माप कळते आणि बाळाला मोठेपणी तोंड लपवावे लागत नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी जोडी छापायची तुम्हाला फार हौस असते. त्यातला ‘नंतर’ छापा, आईच्या मांडीवर, अंगात कपडे असलेला. ‘आधी’साठी वजनाचा तक्ता बोलका असतो.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, सविस्तर तुमचे वकील सांगतील. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख आणि त्याचे चित्र उघड करायला मनाई करते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचारापासून बालकांना जपणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात अशीच मनाई करणारे कलम २३ आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी २०१७ चा कायदा आहे. डोळ्यांवर काळी पट्टी मारून शाळेचे नाव तसेच ठेवले, तर गावात कोणाला कळायचे राहते?

‘आमच्याकडे संमतीपत्र असते’ असे काही जण म्हणतील. बघितली आहेत. प्रवेशअर्जाच्या मागच्या बाजूला, बारीक टाइपात, ‘संस्थेस छायाचित्र वापरण्यास हरकत नाही’, खाली अंगठा. मुलाला वसतिगृहात घ्यायचे की नाही हे तुमच्या हातात असताना आई कुठे अंगठा देणार नाही? प्रूफ दाखवणे म्हणजे त्या कागदावरचा प्रश्न पुन्हा विचारणे, आणि या वेळी ‘नको’ म्हटले तरी प्रवेश किंवा मदत थांबणार नाही हे आधी सांगून.

सगळ्यात जड आक्षेप पैशाचा. केविलवाण्या फोटोला पैसे मिळतात, हसऱ्याला मिळत नाहीत, असे तुम्ही सांगता, आणि ते साफ खोटे आहे असे मी म्हणणार नाही. ही गोष्ट जुनी आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात विलोबी हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेली माणसे ओळीने बसवून फोटो काढले. दुष्काळ किती भयंकर होता याचा पुरावा म्हणून ते फोटो आजही दाखवले जातात. पण फोटो काढून झाल्यावर त्या माणसांना अन्न न देता तसेच सोडले, हा ठपका त्याच्यामागे लागला तो लागलाच. इथिओपियातल्या १९८४ च्या दुष्काळानंतर युरोपातल्या संस्थांनाही आपल्याच फोटोंची लाज वाटू लागली. १९८९ मध्ये त्यांनी प्रतिमांसाठी आचारसंहिता केली, २००६ मध्ये ती नव्याने लिहिली.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट बदलली आहे आणि ती विश्वस्तांच्या अजून ध्यानात आलेली नाही. पूर्वी अहवाल मुंबई-पुण्याला जायचा आणि तिथल्या कपाटात राहायचा. आता पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरते. दुपारी तुम्ही टाकली की संध्याकाळपर्यंत शहाद्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या नातवाच्या मोबाइलवर ती असते, आणि त्यात त्याची आजी ‘दारिद्र्याने पिचलेली वृद्धा’ असते. आजी चार शेळ्या राखते, मोहफुले वेचते आणि नातवाच्या मेसचे पैसे भरते. हा मुलगा उद्या तुमच्या कार्यकर्त्याला पाड्यावर काय विचारेल, याचा हिशेब देणगीच्या हिशेबात धरावा लागेल.

एआयच्या चित्रांना मात्र माझा ठाम नकार आहे. ‘खऱ्या कोणाचा चेहरा नको ना, मग हे घ्या’ म्हणून गेल्या वर्षी एक बाई आली : डोळ्यांत पाणी, कडेवर मूल, अंगावर असे दागिने जे भिल्लांत नाहीत, पावऱ्यांत नाहीत, लमाणांतही नाहीत. लुगड्याची नेसण कोणाचीच नाही. ज्या बाईवर कोणतेही संकट आलेले नाही, कारण ती नाहीच, तिच्या नावाने पैसे मागायचे? चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांनी (१९१२-१९८९) स्टेशनजवळच्या बंगल्यात बसून टेबलावर लहानसहान वस्तू मांडल्या आणि कॅमेऱ्यात त्यांची अख्खी निसर्गदृश्ये उभी केली. पण ती टेबलटॉप, म्हणजे टेबलावर रचलेली, म्हणूनच ओळखली गेली. रचलेले चित्र वापरायचेच असेल तर खाली ‘कल्पनाचित्र’ असे ठळक छापा, फोटोच्याच आकाराला शोभेल अशा अक्षरांत.

प्रूफ दाखवल्याने काय होते, हेही सांगतो. सातपुड्यात काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेने माझा हेका मानला आणि चार पानांचे रंगीत प्रिंट घेऊन कार्यकर्ती नेहमीच्या फेरीला गेली. वेगळा खर्च प्रिंटचा तेवढा. खडकांवर पांढऱ्या चकत्या वाळत घातल्याच्या फोटोखाली आम्ही ‘कांदा वाळवताना’ लिहिले होते. पाड्यावर हसून पुरेवाट झाली. तो आमचूर होता, कैरीच्या चकत्या, एप्रिल-मेमध्ये तिकडे घरोघरी करतात. दुसऱ्या फोटोखाली ‘पारंपरिक पोशाखातील आदिवासी महिला’ असे होते. त्या बाई म्हणाल्या, मी अंगणवाडीत मदतनीस आहे, तसे लिहा आणि नाव पूर्ण टाका. एका घराने फोटो नको म्हटले. कारण विचारले नाही, काढून टाकला. एका आजोबांना फोटो पसंत होता, पण शेजारच्या व्यसनमुक्तीच्या मजकुराजवळ नको होता. माझ्या डोळ्यांना ते दोन वेगळे कॉलम होते. त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते तसे वाटले नसते, हे मला जळगावात बसून कधीच सुचले नसते.

नावांचेही तिथेच उमगले. आपल्या अहवालांत हार घालणाऱ्याचे नाव, आडनाव, हुद्दा सगळे असते आणि समोरची व्यक्ती ‘एक लाभार्थी’ असते. ज्यांना नाव हवे त्यांचे नाव छापा. ज्यांची ओळख झाकायची त्यांचे बदललेले नाव वापरा आणि तसे लिहा. महिना, साल आणि तालुका द्या म्हणजे २०१९ चा फोटो यंदाच्या कामाखाली खपणार नाही. हो, खपवले जातात. तेच मूल तीन वर्षे पहिलीत शिकताना मी लावले आहे.

तेव्हा यंदापासून असे करू या. फोटो जूनअखेर पाठवा, ऑगस्टमध्ये नको. मी पाने लावून रंगीत प्रिंट देतो, तुम्ही ते पाड्यावर, वस्तीवर, वसतिगृहात फिरवून आणा. त्या फेरीनंतरच्या दुरुस्त्यांचे मी पैसे लावणार नाही, मग पान दोनदा बदलो की चारदा. अध्यक्षांच्या ‘मा.’साठी मात्र लावीन. आणि फोटो व्हॉट्सॲपवरच पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधे पाठवले की त्यांची साइज मरते, आणि छपाईत माणसांचे चेहरे फुटतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
जळगावातील एक डीटीपीवाला